नवकंबल आणि इंडेक्स स्कॅन

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एखाद्या क्वेरीचा प्लॅन काढल्यावर त्यात ‘इंडेक्स स्कॅन’ अशी ओळ दिसली, तर ती बहुतेक वेळा चांगली बातमी असते. इंजिन सगळं टेबल चाळत बसलेलं नाही, इंडेक्सच्या आधाराने हव्या त्या ओळींपाशी थेट जातं आहे, असा तिचा अर्थ. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये हेच दोन शब्द दिसले की अनुभवी माणसाच्या कपाळावर आठी पडते. तिथे ‘इंडेक्स स्कॅन’ म्हणजे साधारणपणे अख्खा इंडेक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचणं. नेमकं शोधण्याला तिथे ‘इंडेक्स सीक’ असं वेगळं नाव आहे. शब्द तोच, अर्थ जवळजवळ उलटा.

आमच्या ऑफिसात गेल्या पावसाळ्यात यावरून चांगलंच जुंपलं. आम्ही पुण्यात बसून सहकारी बँका आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. डेटाबेस सांभाळणं हे माझं काम. खातेउताऱ्याची एक क्वेरी दुपारच्या गर्दीत अडखळू लागली होती. एसक्यूएल सर्व्हरवर बरीच वर्षं काम करून आलेला एक मुलगा प्लॅन पाहून म्हणाला, “मॅडम, इथे तर स्कॅन होतोय. सीक व्हायला पाहिजे.” पोस्टग्रेसवरच शिकलेली मुलगी त्याला म्हणाली, “अरे, इंडेक्स वापरतोय ना? मग अजून काय हवंय तुला?” दोघंही खरं बोलत होती आणि दोघांनाही समोरचा अडाणी वाटत होता. तिथवर ठीक होतं. मग दोन्ही इंजिनं कोळून प्यायलेला एक ज्येष्ठ सहकारी मध्ये पडला. गोंधळ कुठे आहे हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तरी त्याने त्या मुलाला विचारलं, “म्हणजे तुझ्या मते इंडेक्स वापरणं हाच दोष का?” सगळे हसले. मुलगा गप्प झाला, आणि त्याच्या तक्रारीत जो खरा अंश होता त्याच्याकडेही मग कुणी पाहिलं नाही.

खरा अंश होता. महिनाअखेरीच्या व्याजाच्या नोंदी टेबलात एकदम भरल्या गेल्या होत्या, टेबलाबद्दल इंजिनाने ठेवलेली आकडेवारी जुनीच राहिली होती, आणि थोड्याच ओळी येतील अशा समजुतीने प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा इंजिनाचा भाग, नेस्टेड लूप निवडत होता. एकेक ओळ घेऊन इंडेक्सकडे धाव, परत यायचं, पुन्हा धाव. आकडेवारी ताजी केल्यावर प्लॅन बदलला. हे दुसऱ्या दिवशी कळलं.

ते हसणं मला फार खुपलं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आमच्या धंद्यात शब्दांवरून सतत वाद होतात. काही लोक म्हणतात, शब्दांचा कीस काढू नका, काम करा. काही म्हणतात, शब्द नेमका नसेल तर कामच नेमकं होणार नाही. शब्दासाठी भांडणं हे सत्याच्या शोधाचा भाग आहे, की सत्यापासून पळण्याची एक वाट?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी ज्या ठिकाणी गेले ते माझ्या व्यवसायापासून दूरचं आहे. शनिवारी संध्याकाळी मी न्यायशास्त्राच्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या, एका वर्गाला जाते. सुरुवात अर्थातच अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ने झाली, सतराव्या शतकातला हा छोटेखानी ग्रंथ, आणि आमच्या गुरुजींच्या हातात त्याची आठल्ये-बोडसांची १८९७ सालची आवृत्ती. नंतर गौतमाची न्यायसूत्रं आणि त्यांवरचं वात्स्यायनाचं भाष्य. तिथे मला माझ्या ऑफिसातली ती दुपार जशीच्या तशी सापडली.

गौतम बोलण्याचे तीन प्रकार करतो. सत्य कळावं म्हणून दोघं प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या, आधारे बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडून काढायचं, ती वितंडा. मराठीत आपण ‘वाद घालू नकोस’ असं म्हणून या तिन्ही गोष्टींची एकच मोट बांधली आहे, हे आपलं नुकसान आहे. जल्पात जी हत्यारं चालतात त्यांत एक ‘छल’. बोलणाऱ्याच्या शब्दांतून त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ काढायचा आणि त्या अर्थाचं खंडन करायचं. भाष्यातलं उदाहरण सुप्रसिद्ध आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे. म्हणजे याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठे आहेत? एकच तर दिसते! संस्कृतात ‘नव’चे दोन्ही अर्थ होतात. वात्स्यायन या चलाख माणसाला सोडत नाही. लोकव्यवहारात ऐकणारा शक्य असलेला अर्थ घेतो. समोर एक घोंगडी दिसत असताना नऊ हा अर्थ घेणं ही बोलणाऱ्याची चूक नाही, ऐकणाऱ्याने केलेला अन्याय आहे.

हा वाक्छल. आणखी दोन प्रकार आहेत आणि दोन्ही मी रोज ऐकते. सामान्यछलात एखादं सर्वसाधारण विधान ताणून त्याला मोडायचं: “इंडेक्सने शोध जलद होतो म्हणालात ना? मग टेबलातल्या बहुतेक सगळ्या ओळी हव्या असताना का नाही झाला?” ज्याने मूळ वाक्य उच्चारलं त्याला थोड्या ओळी शोधण्याचीच गोष्ट करायची होती, हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं. उपचारछलात लाक्षणिक बोलणं शब्दशः धरायचं. भाष्यात ‘मचाणं ओरडताहेत’ हे वाक्य आहे. मचाणावरची माणसं ओरडतात, हे कुणालाही कळतं. आमच्याकडे कुणी म्हणतं, “क्वेरी इंडेक्स वापरत नाहीये,” की लगेच उत्तर येतं, “क्वेरी काहीच वापरत नाही. वापरतो तो प्लॅनर.” बरोबर आहे. पण ज्याच्या काउंटरसमोर रांग लागली आहे त्या क्लार्कला या बरोबरपणाचा काय उपयोग?

त्या मुलाने आणि मुलीने एकमेकांशी छल केला नव्हता, हे मला इथे स्पष्ट दिसलं. छलाला समोरच्याचा अभिप्राय माहीत असावा लागतो. दोघांना तो माहीतच नव्हता. छल केला तो तिसऱ्याने, ज्याला दोन्ही अर्थ येत होते. म्हणजे ज्याचं ज्ञान जास्त, त्याच्या हातून हा दोष घडण्याची शक्यता जास्त. ज्येष्ठांनी यावर विचार करावा.

शब्दांनी घोळ घातला की न्यायशास्त्र प्रमाणांकडे बोट दाखवतं, आणि आमच्याकडे प्रमाणं हाताशी असतात. पोस्टग्रेसला नुसतं ‘एक्सप्लेन’ म्हटलं तर तो काय करेल याचा अंदाज सांगतो. हे अनुमान. त्यातली ‘कॉस्ट’ ही मिलिसेकंदांत नसते. क्रमाने एक पान वाचण्याची किंमत १ आणि उड्या मारत वाचण्याची ४, अशी मुळात ठरवून दिलेली मापं घेऊन केलेला तो हिशेब आहे. ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ म्हटलं तर क्वेरी खरोखर चालते आणि खरे आकडे शेजारी येतात. हे प्रत्यक्ष. म्हणूनच अपडेटच्या आधी हे शब्द लावायचे तर ट्रान्झॅक्शन उघडून शेवटी रोलबॅक करावं लागतं, नाहीतर बघता बघता नोंदी बदलून बसतात. गौतमाने प्रत्यक्षाच्या व्याख्येत घातलेल्या विशेषणांत एक ‘अव्यभिचारी’ आहे, म्हणजे न चुकणारं. पाहिलेलं सगळंच प्रत्यक्ष नव्हे. तीच क्वेरी दुसऱ्यांदा चालवली की पानं मेमरीत आलेली असतात आणि वेळ निम्म्याहून खाली येऊ शकतो. तो आकडा मीटिंगमध्ये दाखवून वाद जिंकणारे लोक मी पाहिले आहेत. मृगजळ पाहून पाणी आहे म्हणणं आणि हे, यांत मला फरक वाटत नाही.

अनुमानाचा प्राण व्याप्ती. जिथे धूर तिथे अग्नी, हा नित्य संबंध कळला नसेल तर धूर पाहूनही काही सिद्ध होत नाही. एखाद्या पतसंस्थेच्या सभासदांचं टेबल घ्या. तालुका शिरोळ आणि जिल्हा कोल्हापूर असे सभासद हवे आहेत. समजा शंभरांत एक शिरोळचा आहे आणि दहांत एक कोल्हापूर जिल्ह्यातला. प्लॅनर या दोन अटी एकमेकींपासून स्वतंत्र मानतो, गुणाकार करतो आणि हजारांत एक ओळ येईल असं धरून चालतो. पण शिरोळचा प्रत्येक माणूस कोल्हापूर जिल्ह्यातलाच असतो! जिथे शिरोळ तिथे कोल्हापूर, ही व्याप्ती पाचवीतल्या मुलाला ठाऊक आहे, यंत्राला नाही. त्याचा अंदाज दहापटीने चुकतो, आणि पुढे चार टेबलं जोडायची असतील तर ती चूक पायरीपायरीने वाढत जाते. पोस्टग्रेसच्या २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून असा संबंध त्याला शिकवता येतो. दोन रकान्यांची एकत्र आकडेवारी ठेवायला सांगायची. हे पहिल्यांदा करताना मी जे टाइप करत होते ती आज्ञा होती खरी, पण मला ते एका अनुमानकर्त्याला व्याप्ती सांगणं वाटलं. क्वेरी मंद का, या प्रश्नावर दिवसदिवस चालणारे बहुतेक वाद अशा एखाद्या न सांगितलेल्या व्याप्तीपाशी संपतात. तिथे पोहोचेपर्यंत मात्र माणसं ‘स्कॅन’ आणि ‘सीक’वरून एकमेकांशी बोलेनाशी झालेली असतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी शब्दांचे वाद मोडीत काढते आहे. तसं नाही. एका शब्दासाठी भांडायला मी कधीही उभी राहीन. तो शब्द ‘सिरियलायझेबल’.

१९९२ च्या एसक्यूएल प्रमाणकाने व्यवहारांच्या अलगपणाचे चार स्तर ठरवले. सगळ्यांत वरचा हा. एकाच वेळी चाललेल्या व्यवहारांचा परिणाम ते एकामागून एक चालवल्यासारखा असेल, असं वचन या शब्दात आहे. १९९५ साली जिम ग्रे आणि आणखी पाच जणांनी एक निबंध लिहून दाखवून दिलं की प्रमाणकाने हे स्तर ज्या तीन दोषांवरून आखले आहेत ते पुरेसे नाहीत. ‘स्नॅपशॉट आयसोलेशन’ नावाच्या पद्धतीत ते तिन्ही दोष टळतात आणि तरीही व्यवहार एकामागून एक झाल्यासारखे ठरत नाहीत. नवऱ्याचं एक खातं, बायकोचं एक. प्रत्येकात दहा हजार. बँकेचा नियम असा की एक खातं उणे झालं तरी चालेल, दोन्ही मिळून शून्याखाली जाता कामा नये. दोघं एकाच क्षणी वेगवेगळ्या शाखांत आपापल्या खात्यातून पंधरा हजार काढतात. दोन्ही व्यवहारांना जुनं चित्र दिसतं: एकूण वीस हजार, पंधरा गेले तरी पाच उरतात, हरकत नाही. दोन्ही मंजूर. शेवटी एकूण शिल्लक उणे दहा हजार. ऑरॅकलमध्ये ‘सिरियलायझेबल’ असं लिहिलं तर मिळते ती स्नॅपशॉट आयसोलेशनच. पोस्टग्रेसमध्येही २०११ साली ९.१ आवृत्ती येईपर्यंत तीच मिळत असे.

आता कुणी म्हणालं, “अहो, नावात काय आहे?” तर मी ऐकून घेणार नाही. या नावावर विसंबून एका प्रोग्रामरने तपासणीचा कोड लिहिलेला नसतो, आणि त्या प्रोग्रामरवर विसंबून पलीकडे एक कुटुंब आपले पैसे ठेवून असतं. त्या कुटुंबाला हा शब्द ठाऊकसुद्धा नाही.

‘नल’चंही तसंच. रकान्यात काहीच नाही, म्हणजे काय? रिलेशनल डेटाबेसचा जनक कॉड याने १९९० च्या आपल्या पुस्तकात दोन वेगळ्या खुणा सुचवल्या होत्या: माहिती लागू आहे पण हाती नाही, आणि माहिती लागूच नाही. त्याचा सहकारी ख्रिस डेट तर नलच्या कल्पनेलाच विरोध करत राहिला. आपल्याकडे ‘तर्कसंग्रहा’त सातवा पदार्थ अभाव आहे, आणि त्याचेही चार प्रकार, अजून न झालेल्याचा अभाव वेगळा आणि होऊन नष्ट झालेल्याचा वेगळा. खातेदाराच्या मृत्यूची तारीख नल आहे. तो जिवंत आहे म्हणून, की वारसांनी अजून दाखला आणून दिला नाही म्हणून? वारसाच्या अर्जाचं काय होणार हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. प्राचीन नैयायिक रिकाम्या जमिनीवर घट नाही हे ज्ञान कशाने होतं यावर पिढ्यानपिढ्या वाद घालत होते, त्यांना रिकामटेकडे म्हणणाऱ्यांनी एकदा बँकेच्या वारस-नोंदीचं काम करून पाहावं.

तेव्हा माझं उत्तर असं आहे. शब्दाचा अर्थ बदलल्याने फक्त बोलणाऱ्या दोघांच्या मानापमानात फरक पडत असेल, तर तो वाद सोडून द्यावा, समोरच्याचा अर्थ त्याच्यासाठी आपण मान्य करावा आणि प्लॅन उघडून बघावा. पण त्या खोलीत हजर नसलेला कुणी त्या शब्दावर विसंबून असेल, तर शब्द नेमका करून घेणं हे कर्तव्य आहे आणि तिथे ‘कीस काढू नका’ म्हणणारा माणूस आपली जबाबदारी टाळतो आहे. ‘इंडेक्स स्कॅन’ पहिल्या प्रकारचा शब्द. ‘सिरियलायझेबल’ आणि ‘नल’ दुसऱ्या.

यावर एक आक्षेप खुद्द गौतमाच्या सूत्रांतच आहे, आणि तो मला टाळता येणार नाही. जल्प आणि वितंडा यांना तो पूर्णपणे निषिद्ध ठरवत नाही. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं सत्याचा निश्चय राखायला ही हत्यारं वापरावीत असं सूत्र आहे. माझा तो ज्येष्ठ सहकारी हेच म्हणेल: अर्धवट माहितीवर कोणी चालू सिस्टिममध्ये इंडेक्स टाकत सुटला तर त्याला रोखावंच लागतं, मग चिमटा काढून का होईना. कुंपणाची गरज मलाही मान्य आहे. पण कुंपण बाहेरच्या गुरांसाठी असतं. विक्रेता येऊन ‘आमचा डेटाबेस इतके पट वेगवान’ म्हणतो तेव्हा त्याला काट्यांनीच अडवावं. अशाच दाव्यांना कंटाळून १९८८ साली टीपीसी ही संस्था निघाली आणि वेग कशाला म्हणायचं याच्या मोजणीच्या अटी लिहिल्या गेल्या. त्याआधी डेव्हिड डेविट या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या प्राध्यापकाने डेटाबेसची तुलना करणारे आकडे प्रसिद्ध केले, तर विक्रेत्याच्या परवान्यात असे आकडे परस्पर छापायला मनाई करणारं कलमच आलं. ते कलम आजही डेविटच्या नावाने ओळखलं जातं. प्रत्यक्षावरच कुलूप घालणाऱ्यांशी जल्प करायला माझी ना नाही. आपल्याच टीममधला, आपल्याकडून शिकायला आलेला पोरगा मात्र गुरं नव्हे, अंकुर आहे. शिष्य, गुरू, सहाध्यायी यांच्याशी जो व्हायचा तो वाद, आणि तोही असूया न ठेवता, हे त्याच सूत्रांत त्या कुंपणाच्या जरा आधी सांगितलं आहे. ज्ञानेश्वरांनी ग्रंथारंभीच्या गणेशाच्या रूपकात तर्काला परशू म्हटलं. पण संवादाला त्यांनी दात केलं, आणि त्या दाताचा शुभ्र रंग म्हणजे समता.

असा वाद या क्षेत्रात झालेला आहे. मे १९७४ मध्ये अमेरिकेत ॲन आर्बर इथे कॉड आणि चार्ल्स बाखमन समोरासमोर आले. बाखमनची भूमिका अशी की प्रोग्रामर हा नाविक आहे. एका नोंदीवरून दुसरीकडे कसं जायचं हे त्याने ठरवावं. कॉडची अशी की काय हवं ते सांगावं, वाट यंत्राने शोधावी. यंत्र एवढी चांगली वाट शोधू शकेल का, वेगाचं काय, हा प्रश्न तेव्हा खरोखरच अनुत्तरित होता. दोघांकडे स्वतःचा सिद्धान्त होता, नुसतं खंडन नव्हतं. उत्तर मिळालं ते कामातून: १९७९ साली आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी किंमत मोजून वाट निवडणारा ऑप्टिमायझर कसा बांधला ते लिहिलं. आज मी ज्या प्लॅनकडे पाहून डोकं खाजवते तो त्याच निबंधाचा वारस आहे. संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार बाखमनला १९७३ चा मिळाला होता, कॉडला १९८१ चा मिळाला.

प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला न्यायात आप्ताचा, म्हणजे विश्वासू माणसाचा, शब्द हेही प्रमाण आहे. वात्स्यायन आप्ताचं लक्षण सांगतो: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे शब्दावर विश्वास ठेवायचा तो वयाकडे, हुद्द्याकडे, जातीकडे बघून नव्हे. आमच्या ऑफिसातला तो नवा मुलगा त्या दुपारी या अर्थाने आप्त होता. त्याने मंदपणा स्वतः पाहिला होता आणि पाहिला तसा सांगत होता.

डेटाबेसवर काम करणाऱ्या माझ्या वाचकांना एवढीच विनंती आहे. ‘हे सिरियलायझेबल आहे’ असं कुणी सांगितलं तर कोणत्या इंजिनाची कोणती आवृत्ती, हे विचारून ते लिहून ठेवा. ‘स्कॅन होतोय’ असं कुणी घाबरून म्हणालं तर आधी ‘तू पूर्वी कशावर काम करत होतास?’ हे विचारा, आणि मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसून प्लॅन वाचा.